३:१ मिठात ऋण गोळा धन होतो: सिम्युलेशनमधलं हे चार्ज उलटणं खरं मानावं का?

कलिलकन्या (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प चालू आहे. इथे भौतिकी, रसायन आणि संगणकवाले बरेच आहेत, म्हणून धागा काढतेय.

संगणकावरच्या सिम्युलेशनची मांडणी अशी आहे. २ नॅनोमीटर त्रिज्येचा एक गोळा, त्याच्यावर उणे ६० इतका प्रभार (इलेक्ट्रॉनचा प्रभार हे एकक). तो २० नॅनोमीटर बाजूच्या घनाकृती पेटीत, सीमा आवर्ती (एका बाजूने बाहेर गेलेला कण समोरच्या बाजूने आत येतो). त्यात ०.०५ मोलर ३:१ मीठ, म्हणजे लॅन्थॅनम क्लोराइडसारखं: सुमारे २४० त्रिसंयुजी (प्रत्येकी अधिक ३) धन आयन, त्यांच्या तिप्पट क्लोराइड, आणि गोळ्याचा प्रभार फेडायला आणखी २० त्रिसंयुजी. आयनांचा व्यास ०.४२५ नॅनोमीटर. पाण्याचे रेणू घेतलेले नाहीत, पाणी म्हणजे ७८.५ परावैद्युत स्थिरांकाचं सलग माध्यम. तापमान २९८ केल्विन, ते राखायला लँजेव्हिन थर्मोस्टॅट (प्रत्येक कणाला घर्षण आणि यादृच्छिक धक्के), कूलंब बलासाठी पी३एम (लांबवरची विद्युतबलं जाळीवर मोजायची पद्धत).

आता गोळ्याच्या केंद्रापासून बाहेर सरकत जायचं आणि त्या अंतराच्या आत एकूण किती प्रभार आहे त्याची बेरीज करायची. ती उणे ६० पासून सुरू होते, पृष्ठभागापासून अर्ध्या नॅनोमीटरच्या आतच शून्य ओलांडते, अधिक ९ च्या आसपास जाते आणि मग उतरत उतरत शून्यावर येते. म्हणजे जरा लांबून बघणाऱ्याला माझा ऋण गोळा धन दिसणार.

गाइड म्हणतात, "हे भौतिकी आहे की प्रोग्राममधला दोष, ते तू सिद्ध कर." पदवीला शिकलेल्या सिद्धांतात धन आयन गोळ्याचा प्रभार झाकतात, फार तर पूर्ण फेडतात. फेडून वर शिल्लक का राहावी? आणि दोष नाही हे दाखवायला काय काय तपासू?

---

नुसताच_वाचक

विषय डोक्यावरून गेला तरी वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

सांगलीकर_जलकामे

ताई, सिम्युलेशनमधलं मला कळत नाही, पण तुमचा हा धन झालेला गोळा मी रोज बघतो.

मी जलशुद्धीकरण केंद्रात काम करतो. नदीच्या पाण्यातले मातीचे बारीक कण ऋण असतात, एकमेकांना ढकलतात, म्हणून खाली बसत नाहीत. तुरटी घातली की ऋणपणा जातो, कण चिकटतात, गुठळ्या होतात, बसतात. किती तुरटी घालायची ते जार टेस्टवर ठरतं: सहा बीकर, प्रत्येकात वाढता डोस, आधी जोरात ढवळायचं, मग सावकाश, मग थांबायचं. पावसाळ्यात गढूळपणा दर तासाला बदलतो तेव्हा ही टेस्ट पुन्हा पुन्हा लावावी लागते.

आता गंमत बघा. चौथ्या बीकरमध्ये पाणी आरशासारखं, आणि पाचव्यात डोस जास्त असूनही पुन्हा गढूळ! नवीन पोरांना वाटतं बीकरची अदलाबदल झाली. तसं नसतं. तुरटी जास्त झाली की कण शून्यावर न थांबता पलीकडे जातात, धन होतात आणि पुन्हा एकमेकांना ढकलायला लागतात. झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागाजवळचं विद्युत विभव) मोजलं की चिन्ह उलटलेलं स्पष्ट दिसतं. त्यामुळे तुमचा आलेख बघून मला तरी धक्का बसला नाही.

---

चकली

@सांगलीकर, म्हणजे माठात तुरटी जास्त फिरवली की पाणी आणखी गढूळ होतं? आमच्या आजी दोनच वेढे देऊन तुरटी काढून घ्यायच्या, "जास्त नको" म्हणायच्या.

---

सांगलीकर_जलकामे

आजींचं बरोबर. दोन-तीन वेढे, मग पाणी हलवायचं नाही, तासाभराने वरचं निवळ काढून घ्यायचं. आणि ते उकळायचंच, तुरटीने जंतू मरत नाहीत.

---

रसायनी

सांगलीकरांचा अनुभव शंभर टक्के खरा. पण तो या धाग्याला पुरावा म्हणून जोडू नका, ही माझी कळकळीची विनंती.

तुरटीतला ॲल्युमिनियम पाण्यात सुटा त्रिसंयुजी आयन म्हणून राहत नाही. साधारण उदासीन पीएचला त्याचं जलअपघटन (पाण्याशी अभिक्रिया) होतं, हायड्रॉक्साइडचे गट जोडलेले मोठे, अनेक प्रभारांचे आयन तयार होतात, आणि ते मातीच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने चिकटतात. प्रभार उलटतो तो या चिकटण्यामुळे. डोस आणखी वाढवला तर हायड्रॉक्साइडचा साका पडतो, तो सगळ्या कणांना गुंडाळून खाली नेतो आणि पाणी पुन्हा स्वच्छ होतं. सांगलीकर, सहाव्या बीकरमध्ये तसंच दिसतं ना?

कलिलकन्याच्या मॉडेलमध्ये यातलं काहीच नाही. ना बंध, ना पीएच. आयन म्हणजे प्रभार असलेले गुळगुळीत चेंडू. तिथेही प्रभार उलटत असेल तर कारण पूर्ण वेगळं असलं पाहिजे. वाखेनिंगेनचे लिकलेमा यांनी हाच मुद्दा लावून धरला होता: प्रयोगात दिसणारी उलटापालट रसायनाने झाली की भौतिकीने, हे आधी वेगळं करा. लॅन्थॅनमलासुद्धा हा प्रश्न सुटत नाही, कारण पीएच वाढला की त्याचंही जलअपघटन होतं. म्हणून जपून काम करणारे लोक द्रावण आम्लधर्मी ठेवून मोजतात.

---

सांगलीकर_जलकामे

सहाव्यात पाणी स्वच्छ होतं, अगदी बरोबर. पण गाळ इतका होतो की फिल्टरवाले आमच्या नावाने ओरडतात.

---

जुने_मास्तर

रसायनींनी प्रश्न नेमका मांडला. चिकटवणारा बंध नसताना केवळ कूलंबच्या नियमाने प्रभार उलटू शकतो का? उलटू शकतो, आणि हे कागदावर दहा मिनिटांत दाखवता येतं. पेन्सिल घ्या.

गोळ्याच्या केंद्रात उणे २ प्रभार ठेवा. पृष्ठभागावर अधिक १ प्रभाराचे आयन ठेवायचे, ते पृष्ठभागावर हवे तसे सरकू शकतात. त्रिज्या १ माना. प्रत्येक आयनाला केंद्राच्या ओढीमुळे उणे २ इतकी ऊर्जा मिळते, आणि आयनांच्या प्रत्येक जोडीमागे १ भागिले अंतर इतकं प्रतिकर्षण मोजावं लागतं.

दोन आयन: समोरासमोर बसतात, अंतर २. एकूण उणे ४ अधिक ०.५, म्हणजे उणे ३.५. गोळा उदासीन झाला. इथेच थांबावं असं वाटतं.

तीन आयन: समभुज त्रिकोण, बाजू वर्गमूळ ३. तीन जोड्यांचं प्रतिकर्षण १.७३. एकूण उणे ४.२७. ऊर्जा आणखी उतरली!

चार आयन: चतुष्फलक, सहा जोड्या, प्रतिकर्षण ३.६७. एकूण उणे ४.३३. अजून उतरली.

पाच आयन: उणे १० अधिक ६.४७, म्हणजे उणे ३.५३. आता चढली.

सगळ्यात खालची ऊर्जा चार आयनांना. उणे २ च्या गोळ्यावर अधिक ४ बसले, निव्वळ प्रभार अधिक २. गोल पृष्ठभागावर प्रभार कसे मांडून घेतात हा प्रश्न जे. जे. थॉमसन यांच्या १९०४ च्या अणुप्रतिमानापासून चालत आलेला आहे, उत्तरं कोष्टकात मिळतात.

आता तोच हिशेब "सरासरी"ने करा. आयन सुटे न मानता त्यांचा प्रभार पृष्ठभागावर सारखा फासला असं समजा. मग प्रतिकर्षण होतं संख्येचा वर्ग भागिले २. दोन आयनांना उणे ४ अधिक २ म्हणजे उणे २. तिनांना उणे १.५. चारांना शून्य. नीचांक बरोबर दोनवर, म्हणजे उदासीन गोळ्यावर. प्रभार उलटणं गायब!

सगळा फरक इथे आहे. सुटे आयन एकमेकांना टाळून बसतात. फासलेला प्रभार स्वतःलाच टाळू शकत नाही.

---

डोंबिवली_फास्ट_नाही

मास्तर, हे तर आपल्या लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं झालं! बाक तिघांचा. चौथा येतो, तिघं थोडे थोडे सरकतात, त्याची सोय होते. तिघांना जागेवर खिळे ठोकून बसवलं असतं तर चौथा उभाच राहिला असता.

---

जुने_मास्तर

@डोंबिवली, उत्तम! आणि पाचवा बसत नाही, हेही जुळतं. 😄

---

रसायनी

मास्तरांचं गणित करून पाहिलं, आकडे बरोबर आहेत. पण हे शून्य तापमानाचं झालं. खोलीच्या तापमानाला आयनांना मोकळं फिरायचं असतं, त्याची ओढ कमी नसते. साध्या मिठाचे एकसंयुजी आयन हे करत नाहीत ते त्यामुळेच ना? मग त्रिसंयुजींना का जमतं?

---

जुने_मास्तर

रास्त शंका. उत्तर आकड्यांतच देतो.

पाण्यात २५ अंशांना दोन एकक प्रभार ०.७१ नॅनोमीटरवर असतील तर त्यांची परस्पर ऊर्जा एक केटी, म्हणजे उष्णतेच्या धडपडीइतकी. ही झाली ब्येरम लांबी. कलिलकन्याच्या गोळ्याला आयन जिथे टेकतात तिथे पृष्ठभागाची प्रभारघनता मोजली तर दर चौरस नॅनोमीटरला जवळजवळ एक येते. त्रिसंयुजी आयन तिथे बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन चौरस नॅनोमीटर, म्हणजे दोन शेजाऱ्यांत पावणेदोन-एक नॅनोमीटर अंतर. त्यांच्यातलं प्रतिकर्षण ९ गुणिले ०.७१ भागिले ते अंतर, साडेतीन केटीच्या वर. हे एका जोडीचं. प्रत्येकाला सहाएक शेजारी. एवढ्या ताणाखाली आयन मनमानी फिरू शकत नाहीत, पृष्ठभागावर जवळजवळ जाळीसारखे मांडून बसतात. नवा आयन आला की आजूबाजूचे सरकून त्याच्याभोवती मोकळी जागा करतात, त्या जागेतून दिसणारा ऋण पृष्ठभाग त्याला खेचून धरतो. मिनेसोटाच्या श्क्लोव्स्की यांनी १९९९ च्या सुमारास हीच मांडणी केली. २००२ साली ग्रोसबर्ग आणि न्गुयेन यांच्यासोबत त्यांनी या विषयाचा मोठा आढावाही लिहिला. त्यांच्या सूत्राने इथे एका आयनामागचा फायदा दहा केटीच्या घरात येतो, अर्थात ढोबळ.

एकसंयुजीला काय मिळतं? आयनांच्या परस्पर ऊर्जेची उष्णतेच्या ऊर्जेशी तुलना करणारा जो जोडांक वापरतात त्यात संयुजेचा घन येतो. याच पृष्ठभागासाठी एकसंयुजीचा जोडांक सुमारे ३, त्रिसंयुजीचा ८५ च्या आसपास. तीन पट संयुजा, सत्तावीस पट परिणाम. म्हणून साधं मीठ फक्त झाकतं आणि लॅन्थॅनम उलटवतो.

धागाकर्तीने पदवीला जे शिकलं ते गूई (१९१०) आणि चॅपमन (१९१३) यांचं पॉयसाँ-बोल्ट्झमन समीकरण. त्यात आयन म्हणजे सरासरीने फासलेला प्रभार. त्या समीकरणात प्रभार उलटणं गणितानेच अशक्य आहे, कितीही मीठ घाला. त्यामुळे तुझा आलेख त्या समीकरणाशी जुळला नाही, हे चिंतेचं कारण नाही.

---

नुसताच_वाचक

आता कळलं. मास्तर, तुमच्या हाताखाली शिकलो असतो तर आज बँकेत नसतो.

---

श्वाबेनची_मराठी

धागा उशिरा पाहिला. मी श्टुटगार्टला आहे. एस्प्रेसो नावाचं जे सिम्युलेशन पॅकेज आहे ते इथल्याच विद्यापीठात वाढलंय, आणि प्रभारित कलिल (द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण) हा त्याचा घरचा विषय. कलिलकन्या, आकार बघता तुझं काम साध्या लॅपटॉपवर होतं, पुण्याच्या परम ब्रह्म महासंगणकावर रांग लावायची गरज नाही.

भौतिकी मास्तरांनी सांगितली. पण गाइडचा प्रश्न अजून तसाच आहे: *तुझ्या* सिम्युलेशनमधलं उलटणं त्याच भौतिकीने आलंय कशावरून? बरोबर उत्तर चुकीच्या कारणानेही येऊ शकतं. मी असते तर हे केलं असतं.

सगळ्यात आधी एकूण प्रभाराची बेरीज. पेटी तंतोतंत उदासीन हवी. एवाल्डच्या (मूळ काम १९२१ चं) पद्धतीत आणि तिच्या पी३एमसारख्या भावंडांत पेटी उदासीन नसेल तर हिशेबात पेटीभर पसरलेला एकसमान विरुद्ध प्रभार धरला जातो. तो तुझ्या बेरजेत दिसत नाही आणि पेटीच्या कडेला आलेख शून्यावर येत नाही. तुझा येतोय, ही चांगली खूण. कूलंब बल ठरावीक अंतरावर नुसतं छाटणारे लोक अजून भेटतात. त्यांच्या आलेखात नेमक्या त्या अंतरावर खोटा उंचवटा येतो.

दुसरं, सुरुवातीची मांडणी. एकदा सगळे आयन गोळ्यापासून लांब पसरून सुरू कर. एकदा जाणूनबुजून तीसेक त्रिसंयुजी गोळ्याला चिकटवून सुरू कर, म्हणजे आधीच उलटलेला. दोन्ही धावा एकाच आलेखावर येऊन थांबल्या पाहिजेत. नाही आल्या तर अजून समतोल झालेला नाही. त्रिसंयुजी आयन घट्ट धरून बसतात, अदलाबदल सावकाश होते, आणि ऊर्जेचा आलेख सपाट दिसला म्हणून समतोल झाला असं धरून चालत नाही.

तिसरं आणि माझं आवडतं: संयुजा सोडून बाकी सगळं तेच ठेव. त्याच पेटीत, त्याच गोळ्याभोवती १:१ मीठ. उलटणं नाहीसं झालं पाहिजे. मग पुन्हा ३:१ घेऊन परावैद्युत स्थिरांक कृत्रिमरीत्या तिप्पट-चौपट कर. ब्येरम लांबी तेवढी आखडते, आयनांचं एकमेकांना टाळून मांडून बसणं ढिलं पडतं, अधिक ९ चं शिखर खचलं पाहिजे. कारण काढून घेतल्यावर परिणामही गेला, तर गाइडना बोलायला जागा उरत नाही.

पेटीचा आकारही बदलून बघ, पण तुझी डेबाय लांबी (मिठात प्रभाराचा परिणाम जिथवर पोचतो ते अंतर) ०.५५ नॅनोमीटरच्या आसपास येते, म्हणजे २० ची पेटी पुरेशी मोठी आहे. तिथे फार वेळ घालवू नकोस.

---

घाटाखालचा

थोडं अवांतर. आमच्या दाभोळच्या खाडीत वाशिष्ठीचं गढूळ पाणी समुद्राला भेटतं तिथे गाळ झपकन बसतो. म्हणजे समुद्राच्या मिठानेही मातीचा चार्ज उलटतो का?

---

रसायनी

नाही, तिथे मुख्यतः झाकणं आहे. समुद्राच्या पाण्यात सोडियम जवळजवळ अर्धा मोलर, मॅग्नेशियम त्याच्या साधारण दहावा भाग, कॅल्शियम त्याहून कमी. एवढ्या मिठात मातीच्या कणाचा ऋणपणा नॅनोमीटरच्या अंशापलीकडे पोचत नाही. कण जवळ येऊ शकतात आणि चिकटतात. चिन्ह तेच राहतं, फक्त पोच संपते. शिवाय नदीचा वेग तिथे मंदावतो, त्याचाही हातभार लागतो.

द्विसंयुजी आयनांनी चिन्ह उलटतं, पण त्यासाठी ते बरेच जास्त लागतात. डेल्फ्टच्या गटाने २००६ मध्ये सिलिकाच्या नॅनोवाहिन्यांतून द्रावण ढकलून वाहणारा विद्युतप्रवाह मोजला होता. मॅग्नेशियम-कॅल्शियमला साधारण ०.४ मोलरच्या वर प्रवाहाचं चिन्ह उलटलं. त्रिसंयुजी कोबाल्ट-संयुगाला फार थोडं पुरलं, आणि त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळत गेल्यावर उलटणं कमी होत गेलं. हे शेवटचं निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं. कलिलकन्या, तू ३:१ मध्ये १:१ मिसळून बघ, शिखर उतरलं पाहिजे.

हो, आणि मास्तरांच्या बाजूने एक कबुली द्यायलाच हवी: ते कोबाल्टचं संयुग जलअपघटन करत बसत नाही. त्यामुळे तिथे रसायनाचा आडोसा घेता येत नाही.

---

पेशीवाली

जीवशास्त्राकडून थोडी भर घालते.

डीएनएवर दर ०.१७ नॅनोमीटरला एक ऋण प्रभार. मॅनिंग यांच्या १९६९ च्या सिद्धांताने, एकसंयुजी आयन त्यातला सुमारे ७६ टक्के प्रभार फेडून थांबतात, त्रिसंयुजी ९२ टक्क्यांपर्यंत जातात. आणि प्रयोगात साधारण ९० टक्के फेडला गेला की लांबलचक डीएनए स्वतःभोवती गुंडाळून घट्ट वळकटी होते. पेशीतलं स्पर्मिडिन (अधिक ३) हे करू शकतं, नुसतं सोडियम नाही. ऋण दोऱ्याचे दोन भाग एकमेकांना खेचतात, ते याच सुट्या, मांडून बसलेल्या आयनांमुळे.

उलटं उदाहरणही आहे. न्यूक्लिओसोममध्ये (पेशीत डीएनए गुंडाळून ठेवणारं एकक) हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्यावर निव्वळ सुमारे दीडशे धन प्रभार, आणि त्याच्याभोवती गुंडाळलेल्या १४७ जोड्यांच्या डीएनएवर २९४ ऋण. गरजेपेक्षा जवळजवळ दुप्पट गुंडाळलेलं! म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीत प्रभार उलटवलेले गोळे भरलेले आहेत. त्याला प्रथिनांचा नेमका आकार आणि बंध हीही कारणं आहेत, पण हिशेब डोळ्यांत भरतो.

---

चकली

पेशीवाली ताई, यावर स्वतंत्र धागा काढा ना! पुलेशु.

---

कण_आणि_क्षण

सगळं छान चाललंय, पण मूळ मॉडेलवरच माझा आक्षेप आहे. पाण्याचे रेणू काढून टाकले की त्रिसंयुजी आयनाभोवतीचं पाण्याचं घट्ट कवच गेलं. पृष्ठभागापासून अर्ध्या नॅनोमीटरवर पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ७८.५ धरणं मला पटत नाही. गोळ्याच्या आतला स्थिरांकही वेगळा असतो, त्याचे प्रतिमा-प्रभार (स्थिरांक बदलल्याने आयनावर येणारं जास्तीचं बल, जणू आरशातल्या प्रभाराचं) सोडून दिलेत. मी ग्रोमॅक्स या सिम्युलेशन पॅकेजमध्ये पाण्याच्या रेणूंसकट करतो. काम जड आहे, पण खरं आहे.

---

श्वाबेनची_मराठी

@कण_आणि_क्षण, आक्षेप योग्य, पण "खरं" या शब्दावर अडते. पाण्यासकट करताना आयनांचे पूर्ण प्रभार घेतले तर नेहमीची बलक्षेत्रं (कणांमधल्या बलांची ठरलेली सूत्रं आणि आकडे) आयनांना एकमेकांना आणि पृष्ठभागाला गरजेपेक्षा जास्त चिकटवतात, कारण इलेक्ट्रॉनांचं ध्रुवीभवन त्यांच्यात नसतं. म्हणून प्रागच्या युंगविर्थ यांच्या गटासारखे लोक आयनांचे प्रभार ०.७५ पट करून घेतात. तेवढ्यानेही पृष्ठभागावरची आयनसंख्या चांगलीच बदलते. तेव्हा पाण्याचे रेणू घातल्याने मिळालेलं उलटणं हे बलक्षेत्राने मिळवून दिलेलं असू शकतं.

कलिलकन्याच्या मॉडेलचं बळ याच साधेपणात आहे. त्यात कूलंब आणि आयनांचा आकार यांशिवाय काही नाही, म्हणून जे दिसतं त्याला तिसरा धनी शोधावा लागत नाही. ग्रानाडाच्या लोकांनी लॅटेक्सचे कण लॅन्थॅनमच्या मिठात चालवून मोजले आणि शेजारी याच धर्तीचं मॉन्टे कार्लो (यादृच्छिक चालींचं) सिम्युलेशन ठेवलं, तेव्हा तुलना अर्थपूर्ण झाली ती त्यामुळेच.

---

कण_आणि_क्षण

०.७५ चा मुद्दा मान्य. तरी प्रतिमा-प्रभारांवर मी ठाम आहे. गोळा तेलकट पदार्थाचा असेल तर ते आयनांना पृष्ठभागापासून ढकलतात, आणि शिखर कमी होईल.

---

श्वाबेनची_मराठी

हो, त्यावर दुमत नाही. प्रबंधात मर्यादा म्हणून लिहायलाच हवं.

---

कलिलकन्या (धागाकर्ती)

एवढ्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार! सुचवलेल्या धावा लावल्या, निकाल देते.

दोन्ही सुरुवाती (आयन लांब, आयन चिकटवलेले) एकाच आलेखावर आल्या. चिकटवलेल्या धावेला बराच वेळ लागला, जास्तीचे आयन एकेक करत सुटत गेले. १:१ मिठात बेरीज शून्याला खालूनच टेकली, एकदाही वर गेली नाही. परावैद्युत स्थिरांक चौपट केल्यावर शिखर नाहीसं झालं. ३:१ मध्ये १:१ मिसळत गेले तसं शिखर उतरत गेलं, रसायनींनी म्हटल्याप्रमाणे.

आणि एक चित्र पाहून फार आनंद झाला. एका क्षणाची आयनांची स्थिती घेतली, फक्त गोळ्याला टेकलेले त्रिसंयुजी ठेवले आणि बाकी लपवले. आयन विखुरलेले नव्हते. बहुतेक प्रत्येकाभोवती पाच-सहा शेजारी, जवळपास सारख्या अंतरावर, दोघं कुठेच खेटून बसलेले नाहीत. पुढच्या फ्रेमला सगळे थोडे हललेले, पण अंतरं तशीच. मास्तर म्हणाले ती जाळी डोळ्यांनी दिसली. १:१ च्या धावेत तेच चित्र काढलं तर नुसता गोंधळ.

आता गाइडचा पुढचा प्रश्न: "बेरजेचं शिखर अधिक ९ आहे, म्हणून गोळ्याचा परिणामी प्रभार अधिक ९ असं लिहिणार का?"

---

रसायनी

नाही! अजिबात लिहू नकोस. ती बेरीज प्रयोगशाळेत कोणी मोजत नाही. आम्ही मोजतो ती विद्युतक्षेत्रात कण कुठे आणि किती वेगाने सरकतो ती गतिशीलता. कण सरकताना आयनांचा आतला थर बरोबर घेऊन जातो आणि बाहेरचा मागे सोडतो. ही सरकसीमा नेमकी कुठे, त्यावर मोजलेला प्रभार ठरतो. तुझं शिखर ज्या अंतरावर आहे तिथेच सरकसीमा असेल असं कोणी सांगितलं?

---

जुने_मास्तर

सहमत. चिन्ह उलटतं हे सांगता येईल. किती, ते या आलेखावरून सांगता येणार नाही. बेरीज अंतराप्रमाणे बदलते, तेव्हा "परिणामी प्रभार" लिहिताना कोणत्या मोजमापासाठी, ते सोबत लिहावं लागतं. डेल्फ्टच्या २००४ च्या प्रयोगात अणुबल सूक्ष्मदर्शीने पृष्ठभागांमधलं बल मोजलं होतं, तिथे लांबच्या बलावरून काढलेला प्रभार होता. गतिशीलतेवरून काढलेला वेगळा येऊ शकतो, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

---

श्वाबेनची_मराठी

मग मोजूनच टाक ना. तुझ्याच पेटीत बाहेरून विद्युतक्षेत्र लावता येतं. मात्र लँजेव्हिन थर्मोस्टॅट त्याला चालणार नाही. तो प्रत्येक कणाला स्वतंत्र घर्षण लावतो, आयनांच्या वाहण्याने पाणी ओढलं जातं आणि ते पाणी गोळ्याला ओढतं, हा सगळा व्यवहार त्यात हरवतो. गतिशीलतेत तोच व्यवहार निर्णायक असतो. लॅटिस-बोल्ट्झमन द्रव (पाण्याचा प्रवाह जाळीवर मोजणारी पद्धत) जोड, गोळ्याच्या पृष्ठभागावर बरेच जोडबिंदू ठेव म्हणजे तो द्रवात नीट फिरेल. क्षेत्र क्षीण ठेव, नाहीतर आयनांचं कवच ओरबाडलं जाईल. दोन वेगवेगळ्या क्षेत्रांना वेग प्रमाणात वाढतो का ते पाहा. तसा वाढला तरच तो आकडा गतिशीलता म्हणून लिही.

गोळा ऋण असूनही क्षेत्राच्या दिशेने गेला, तर गाइडना दाखवायला त्याहून सरळ पुरावा नाही.

---

सांगलीकर_जलकामे

माझी एक शंका राहिली. आमच्याकडे डोस आणखी वाढवला की पाणी पुन्हा स्वच्छ होतं, ते साक्यामुळे हे रसायनींनी सांगितलं. ताईंच्या पेटीत साका नाही. मग तिथे मीठ वाढवतच नेलं तर काय होईल? गोळा जास्त जास्त धन होत जाईल?

---

श्वाबेनची_मराठी

फार चांगला प्रश्न. नाही होत. आधी उलटलेली गतिशीलता वाढते, एका ठिकाणी कमाल गाठते, मग मीठ वाढवलं की पुन्हा घसरते. पृष्ठभागावरचे त्रिसंयुजी तिथेच असतात, पण आता बाहेर क्लोराइडची गर्दी इतकी होते की ते त्या जास्तीच्या धन प्रभारालाच झाकून टाकतात. कलिलकन्या, सध्या तू ०.०५ मोलरचा एकच बिंदू घेतलायस. ०.००५ पासून ०.५ पर्यंत पाच-सहा बिंदू घे. कमी मिठाला पेटी मोठी करावी लागेल, कारण डेबाय लांबी वाढते.

---

कलिलकन्या (धागाकर्ती)

@सांगलीकर, तुमच्या प्रश्नाने प्रकल्पाला एक पूर्ण प्रकरण दिलं! सहा बीकर मी पेटीतच मांडते. ०.००५ ची मोठी पेटी आज रात्री लावतेय, लॅटिस-बोल्ट्झमनची जोडणी त्यानंतर. आकडे आले की इथेच टाकेन.